थार-जिमनीच्या रिम्स बदलण्यापूर्वी : बॅकस्पेसिंगचा हिशेब

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांत आता नाशिकला तयार होणारी थार किंवा मारुतीची जिमनी आली आहे. मुले सुट्टीत ती विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत नेतात आणि लवकरच रुंद टायर व नव्या रिम्सचा विषय घरात निघतो. दुकानात चर्चा होते ती इंच, रंग आणि किमतीची. बॅकस्पेसिंग किती, हे फारसे कोणी विचारत नाही. चाक आत घासणार की मडगार्डबाहेर येणार, हे मात्र त्याच आकड्यावर ठरते.

बॅकस्पेसिंग म्हणजे काय?

रिम हबला जिथे टेकते, त्या सपाट जागेला बैठक म्हणू. बैठकीपासून रिमच्या आतल्या, म्हणजे गाडीकडच्या काठापर्यंतचे अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. मोजणे सोपे आहे. टायर न चढवलेली रिम दर्शनी बाजू खाली करून कापडावर ठेवावी. वरच्या काठावर सरळ पट्टी आडवी धरावी आणि पट्टीपासून बैठकीपर्यंतची खोली टेपने मोजावी.

रिमवर बहुधा हा आकडा नसतो, ‘ईटी’ म्हणजे ऑफसेट असतो. रिमच्या मध्यरेषेपासून बैठक किती मिलिमीटर सरकली आहे, ते तो सांगतो. बैठक बाहेरच्या बाजूला असेल तर अधिक, आतल्या बाजूला असेल तर उणे. रिमची छापील रुंदी टायर बसतो त्या जागेची असते. दोन्ही काठ धरले तर ती साधारण एक इंच जास्त भरते. म्हणून :

बॅकस्पेसिंग (इंच) = (रुंदी + १) ÷ २ + (ऑफसेट ÷ २५.४)

एक उदाहरण

जिमनीची मूळ रिम ५.५ इंच रुंद, ऑफसेट अधिक ५. बॅकस्पेसिंग आले सुमारे ३.४५ इंच. आता ७ इंची दोन रिम्स पाहू.

- ऑफसेट उणे २० : बॅकस्पेसिंग ३.२१ इंच. आतला काठ ६ मिमी बाहेर सरकतो, बाहेरचा काठ तब्बल ४४ मिमी बाहेर येतो.
- ऑफसेट अधिक २५ : बॅकस्पेसिंग ४.९८ इंच. बाहेरचा काठ जवळजवळ जागेवरच राहतो, पण आतला काठ ३९ मिमी आत शिरतो.

दोन्हींची रुंदी एकच. वाढलेला दीड इंच कोणत्या खात्यात जमा होणार, एवढाच फरक. टायरही रुंद घेतला, तर त्याची निम्मी वाढ आतल्या बाजूला येते. तीही धरावी.

चुकले तर काय होते?

बॅकस्पेसिंग जास्त झाले की टायर किंवा रिम आत स्प्रिंगला, सस्पेन्शनच्या दांड्यांना घासते. कमी झाले की चाक बाहेर येते, बेअरिंगवर ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो आणि चिखल दारांवर उडतो. मधे स्पेसर घातला तरी परिणाम हाच, कारण त्याच्या जाडीइतके बॅकस्पेसिंग कमी होते. हीच गाडी चार माणसे आणि सामान घेऊन सोलापूर रस्त्याने तुळजापूरलाही जाते, हे विसरू नये.

पैसे देण्यापूर्वी

१. बोल्टांचा पीसीडी, मधल्या छिद्राचा व्यास आणि रिमची भारक्षमता गाडीशी जुळते का, ते पाहावे.
२. एक पुढचे चाक टायरसकट चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावे. सस्पेन्शन दबल्यावर किती जागा उरते, तेही तपासून घ्यावे.
३. ब्रेकच्या कॅलिपरला रिम लागत नाही ना, हे हाताने फिरवून बघावे. ते रिमच्या काड्यांच्या आकारावर अवलंबून असते, बॅकस्पेसिंगवरून कळत नाही.
४. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. म्हणून आरटीओचा नियम आधी पाहावा आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. दाव्याच्या वेळी तोंडी सांगितलेले कामी येत नाही.

जुन्या आणि नव्या रिमची रुंदी, ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग एका कागदावर शेजारी शेजारी मांडावे. दुकानदाराला हे आकडे देता येत नसतील, तर टेप घेऊन स्वतः मोजावे आणि मगच बयाणा द्यावा.