पुठ्ठ्याचा ‘पिनाका’

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाचे वारे वाहू लागते. आपल्या वस्तीतली मुले त्या दिवसांत काय करतात? कुणी मातीचा ज्वालामुखी करतो, कुणी पवनचक्की करतो. मग एखाद्या पैसेवाल्याच्या मुलाने दुकानातून तयार आणलेल्या वस्तूला पहिला नंबर मिळतो आणि आपली पोरे तोंड पाडून घरी येतात. वर्षानुवर्षे आम्ही हेच पाहत आलो आहोत. म्हणून जवाहरनगरच्या बाजूच्या एका वस्तीतल्या चार-पाच मुलांना घेऊन आम्ही वेगळेच काम काढले. सैन्याची रॉकेट सोडणारी गाडी, म्हणजे ‘पिनाका’, तिची मापाबरहुकूम प्रतिकृती. मापाबरहुकूम हा शब्द महत्त्वाचा. नुसती दिसायला तशी करायची असती तर आमचे काहीच काम नव्हते.

पिनाकाच का? कारण ही गाडी परकी नाही. पुण्याच्या पाषाण भागात शस्त्रास्त्र संशोधनाची सरकारी संस्था आहे. १९८६ मध्ये या गाडीच्या कामाला मंजुरी मिळाली आणि त्या संस्थेने ते हाती घेतले. १९९९ च्या कारगिल युद्धात ती डोंगरात प्रत्यक्ष वापरली गेली. रॉकेटे नागपूरच्या अंबाझरी आयुध कारखान्यात बनली. आणि खुद्द भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरला १९६४ पासून स्फोटके आणि दारूगोळ्याचे द्रव्य बनविणारा आयुध कारखाना आहे. तिथली पहाटेची पाळी करून आलेला बाप ज्या घरात झोपलेला असतो, त्याच घरातली ही मुले.

सुरुवातीलाच एक गोष्ट मुलांना सांगावी लागली. पिनाका मुळात क्षेपणास्त्र सोडत नव्हता, तो रॉकेट सोडत होता. रॉकेट एकदा सुटले की वाटेत त्याला वळवता येत नाही. क्षेपणास्त्राला मात्र वाटेत दिशा देता येते. पुढे पिनाकाच्या रॉकेटलाही दिशा देण्याची यंत्रणा बसविली गेली आणि २०१७ मध्ये ओडिशातील चांदीपूरला तशी चाचणी झाली. वर्तमानपत्रवाले सगळ्यालाच क्षेपणास्त्र म्हणून मोकळे होतात. परीक्षकाने विचारले तर पोराला फरक सांगता आला पाहिजे.

आता मापाचे. मूळ रॉकेटची लांबी ४.९५ मीटर आणि जाडी, म्हणजे व्यास, २१४ मिलिमीटर. आम्ही विसास एक हे प्रमाण धरले. मूळ वस्तूचे २० सेंटिमीटर म्हणजे आपला एक सेंटिमीटर. मग रॉकेट झाले पावणेपंचवीस सेंटिमीटर लांब आणि १०.७ मिलिमीटर जाड. इथवर सातवीच्या मुलालाही जमते. पण गाडीची बाकीची मापे कुठून आणायची? सैन्य काही नकाशे वाटत नाही. तेव्हा मुलांना युक्ती दाखविली. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला, गाडी अगदी आडवी दिसेल असा फोटो शोधा. फोटोत नळ्यांच्या पेटीची लांबी पट्टीने मोजा. पेटी रॉकेटपेक्षा किंचित लांब असणार, म्हणजे पाच मीटरच्या वर. आता फोटोत तिचे किती मिलिमीटर भरतात आणि चाकाचे किती भरतात, त्यावरून त्रैराशिक मांडा. चाक आले, केबिन आली, दोन चाकांमधले अंतर आले. एका माहीत असलेल्या मापावरून दहा माहीत नसलेली मापे निघतात. ज्या मुलीने हे गणित सगळ्यांत आधी सोडविले, तिला शाळेत गणितात काठावर पास केले होते. असो.

वजनाने मात्र मुले चक्रावली. मूळ रॉकेट २७६ किलोचे. विसाने भागले तर पावणेचौदा किलो! पुठ्ठ्याचे रॉकेट इतके जड कसे असेल? मग काडेपेट्या मांडून दाखविले. लांबी दुप्पट केली, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट, तर पेट्या दोन नव्हे, आठ लागतात. तसेच इथे वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजाराने भागायचे. उत्तर आले साडेचौतीस ग्रॅम. पुस्तकातले घनफळ त्या दिवशी पहिल्यांदा पोरांच्या हातात आले.

नळ्या बारा पाहिजेत. सहा-सहाच्या दोन पेट्या. त्यांची मांडणी कशी आहे ते मुलांनी समोरून घेतलेल्या फोटोवरून मोजून घ्यावे, दुसऱ्याने सांगितलेले मानू नये. पडद्याच्या अर्ध्या इंची गुळगुळीत दांडीवर जुन्या वहीचे कागद गुंडाळून, लई लावून नळी करायची. पहिल्या दिवशी केलेल्या सहाच्या सहा नळ्या वाकड्या झाल्या. एक टोक घट्ट, दुसरे ढिले. त्या घरची म्हातारी ओट्यावर बसून हे बघत होती.

“का करून रायली वो पोरी?”

“आजी, नळ्या बनवून रायलो. सैन्याच्या गाडीच्या.”

म्हातारीने नळी हातात घेतली, डोळ्याजवळ नेली आणि खाली टाकली. तीस वर्षे या बाईने विड्या वळल्या. भंडारा जिल्ह्यात अशा बाया घरोघरी आहेत. तेंदूपत्ता भिजवायचा, पत्र्याच्या मापाने कापायचा, सुपात तंबाखू घेऊन दिवसभर वळत राहायचे आणि हजारावर मजुरी. वाकडी विडी कारखानदाराचा माणूस बाजूला काढायचा, तिचा पैसा मिळत नसे. “विडी खाली निमुळती होते,” ती म्हणाली, “हे सरकं पायजे. अंगठा दोन्हीकडं सारखा दाब.” कागदाची पहिली घडी नखाने कशी मोडायची, ताण कुठे द्यायचा, हे तिने दाखविले आणि तासाभरात बारा नळ्या एकसारख्या झाल्या. चौदाच झाल्या. दोन जास्तीच्या.

ट्रकची हकिकत मोठी आहे. नाव टाट्रा, टाटा नव्हे. ही झेक देशाची रचना. १९८६ पासून बंगळूरच्या बीईएमएल या सरकारी कंपनीने ती भारतात बनविली. चार आस, आठ चाके आणि आठही चाकांना इंजिनाची ताकद. आपल्या नेहमीच्या ट्रकला खाली शिडीसारखी दोन लोखंडी पट्ट्यांची चौकट असते. टाट्राला मधोमध एकच जाड नळी असते आणि दोन्ही बाजूंना पंखासारखे हलणारे अर्धे आस. त्यामुळे खड्ड्यात एक चाक खाली गेले तरी बाकीची चाके जमीन सोडत नाहीत. १९२० च्या दशकातली ही कल्पना अजून चालते आहे. मुलांनी मधली नळी कपड्याच्या दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या गुंडाळीची केली, आसांना सायकलची जुनी तार लावली, आणि चाके रबरी चपलेच्या तळातून गोल कापून काढली. चपलेचे रबर कापायला ब्लेड पाण्यात बुडवून घ्यावे, नाहीतर ते अडकते. हे काम मोठ्या माणसाने करावे.

बारकावे पाहणाऱ्याला आणखी दोन गोष्टी लागतात. सैन्याच्या पुष्कळशा टाट्रा गाड्यांना स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे, आपल्या ट्रकसारखे उजवीकडे नाही. केबिन करताना हे बघावे. आणि सैन्याच्या नंबर प्लेटवर सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो, त्यानंतर वर्षाचे दोन आकडे. रंगासाठी हिरव्यात थोडा काळा आणि चिमूटभर पिवळा मिसळला की शेवाळी रंग येतो. चकचकीत ऑइलपेंट लावू नका, गाडी खेळण्यातली दिसते.

रॉकेट सुटताना गाडी हलू नये म्हणून मूळ गाडी चार पायांवर टेकविली जाते. हे पाय तेलाच्या दाबाने खाली येतात. आम्ही नळ्यांची पेटी वर उचलायला तेच तत्त्व वापरले. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन सिरिंज आणल्या, एक लहान, एक मोठी. दोघींमध्ये सलाइनची बारीक नळी आणि आत पाणी. लहान सिरिंज दाबली की मोठीचा दट्ट्या वर जातो. थोडाच जातो, पण जोराने जातो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दाब हवा दाबण्यात जातो आणि पेटी जागची हलत नाही. बुडबुडे काढायलाच एक संध्याकाळ गेली.

या गाडीचा मारा सुमारे ३८ किलोमीटर. म्हणजे भंडाऱ्यात सोडले तर पार साकोलीच्या आसपास. बारा रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात, चार सेकंदांनाही एक पडते. प्रत्येकाच्या टोकाला शंभर किलोचा स्फोटक भाग. मुलांनी हे आकडे तक्त्यावर मोठ्या हौसेने लिहिले. तेव्हा त्या मुलीची आई आतून बाहेर आली आणि तक्ता वाचून म्हणाली, “आणि मेले ते कुठं लिवले?”

आम्ही गप्प झालो. २४ जानेवारी २०२५ ला, शुक्रवारी सकाळी, जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला, छत कोसळले आणि आठ कामगार मेले. त्या सकाळी या वस्तीतून कोण बायका कुठे धावत गेल्या हे ती बाई विसरलेली नाही. तिचा नवरा दुसऱ्या पाळीला होता म्हणून घरी होता. तिचे म्हणणे असे की दोन दिवसांनी दिल्लीत गाड्या मिरवल्या, टाळ्या पडल्या. आत दारू मिसळणाऱ्या माणसाला कोण ओळखते? आत जाताना त्याच्याजवळ काडेपेटी राहू देत नाहीत, मोबाइल राहू देत नाहीत, कारण पायाखाली ठिणगी पडली तरी पुरते. आम्हाला वाटते, तिचे म्हणणे बरोबर होते. शस्त्राची ताकद सांगणारा तक्ता अपुराच होता.

पोरांनी प्रतिकृती मोडली नाही. त्या मुलीने गणित केले: माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली तर विसाने भागून सव्वाआठ सेंटिमीटर. बहुतेक मुले अशा गाडीजवळ बंदूकधारी जवान उभा करतात. तिने साधे सुती कपडे घातलेला कामगार केला, मातीचा, आणि गाडीच्या मागे, नळ्यांच्या तोंडाशी नव्हे तर पेटीच्या बाजूला उभा केला. तक्त्याच्या खाली तारीख आणि आठ हा आकडा लिहिला. प्रदर्शनात एका शिक्षकांनी हे कशाला म्हणून विचारले. तिने वजनाच्या गणितासारखेच शांतपणे सांगितले. नंबर दुसरा आला. पहिला एका पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राला गेला आणि ते यंत्र खरोखरच चांगले होते.

कुणाला घरी करून बघायचे असेल त्यांच्यासाठी एक सूचना. विसास एक या प्रमाणात गाडी अर्ध्या मीटरच्या आसपास जाते. एका खोलीच्या घरात ती ठेवायला जागा नसते आणि लहान भावंडे तिच्यावर बसतात. अशांनी पस्तीसास एक हे प्रमाण धरावे. मग रॉकेट १४.१ सेंटिमीटर लांब आणि सहा मिलिमीटरपेक्षा किंचित जाड होते. नळ्या साध्या पेन्सिलीवर गुंडाळता येतात. गाडी फूटभरात बसते. पावसाळ्यात मात्र ती खाली ठेवू नये, लई ओली झाली की नळ्या सुटतात. मांडणीवर, भांड्यांच्या मागे ठेवावी.