मिठात प्लॅस्टिक कुठून आले?

मीठ नाही असे घर नाही. गरिबाच्या भाकरीवर चिमूटभर मीठ असते, तसे श्रीमंताच्या ताटातही असते. या मिठात आता प्लॅस्टिकचे बारीक कण सापडू लागले आहेत. ते आले कुठून? कोणी मुद्दाम भेसळ केली काय? नाही. ते तुमच्या-आमच्याच हातून गेलेले आहेत. कसे, ते आपण पाहू.

प्लॅस्टिक कुजत नाही

बाळापूरच्या बाजारातून आपण भाजी आणतो. भाजी घरात जाते, पिशवी उकिरड्यावर जाते. शेण कुजते, पाचोळा कुजतो, त्यांचे खत होते. प्लॅस्टिकचे खत होत नाही. उन्हाने ते कडक होते, तडकते, त्याचे तुकडे पडतात. तुकड्यांचे आणखी तुकडे होतात. पण कितीही बारीक झाले तरी प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच राहते.

तुरीच्या दाण्याहून लहान, म्हणजे ५ मिलिमीटरहून लहान, अशा तुकड्यांना शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. पुष्कळ कण तर डोळ्यांना दिसतही नाहीत. नायलॉनचा कासरा झिजतो, त्याचे तंतू निघतात. पॉलिस्टरची साडी धुताना तिचेही तंतू पाण्यात जातात. तेही याच जातीचे.

पाऊस पडला की हे सारे ओढ्यात येते. ओढ्यातून आपल्या कयाधूत. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. आपण उकिरड्यावर टाकलेली पिशवी बारीक होऊन कुठवर जाऊ शकते, बघा!

ज्या तळ्याला वाट नाही

नदीला पुढे वाट तरी असते. पण काही तळी अशी आहेत की त्यांत पाणी येते, बाहेर मात्र जात नाही. असे तळे आपल्याला लांब नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर तसेच आहे. पुरातन काळी आकाशातून एक मोठी उल्का काळ्या कातळावर आदळली आणि तेथे पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खोल खड्डा पडला. चारी बाजूंच्या उतारावरून पावसाचे पाणी त्यात येते. झऱ्यांचे पाणीही येते. बाहेर जायला ओढा नाही, नाला नाही. पाणी जाते ते फक्त वाफ होऊन.

गुऱ्हाळातली काहील आठवा. रस उकळतो, पाणी वाफ होऊन उडते आणि गूळ मागे राहतो. लोणारला चुलीचे काम सूर्य करतो. पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. म्हणून ते पाणी खारे आहे. जुन्या काळी लोक तेथून क्षार काढीत. २०२० च्या जून महिन्यात तर पाणी कमी होऊन खारटपणा इतका वाढला की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे सारे सरोवर गुलाबी झाले!

आता विचार करा. क्षार जसे मागे राहतात, तसेच प्लॅस्टिकही मागे राहणार. ते वाफ होऊन उडत नाही. म्हणून अशा तळ्याच्या काठी टाकलेला कचरा नदीकाठच्या कचऱ्याहूनही वाईट. २०२० च्या नोव्हेंबरात लोणारला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत मान मिळाला. तो मान राखणे आपल्याच हाती आहे.

मिठाची तपासणी

चीन देशात चिंगहाय नावाचे फार मोठे खारे तळे आहे. त्याच्या पाण्यात प्लॅस्टिकचे कण आहेत, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१५ साली त्याच देशात बाजारातले मीठ तपासले होते. समुद्राच्या मिठात कण सर्वांत जास्त निघाले, तळ्याच्या मिठात त्याहून कमी, खाणीच्या व विहिरीच्या मिठात सर्वांत कमी.

आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी समुद्राचे मीठ तपासले. २०१८ साली त्यांनी निकाल सांगितला. त्यांना ६२६ कण मिळाले. शंभरात ६३ तुकडे होते आणि ३७ तंतू.

मग मीठ सोडायचे काय?

मुळीच नाही! माणूस रोज ५ ग्रॅम मीठ खातो असे धरले, तर त्या शास्त्रज्ञांच्या हिशेबाने वर्षभरात पोटात जाणारे हे प्लॅस्टिक मोहरीच्या एका दाण्याहूनही वजनाने कमी भरते. त्याने शरीराला काय अपाय होतो, याचा तपास जगभर चालू आहे. पण आयोडीनचे मीठ सोडले तर गलगंडाचा धोका आहे, हे पक्के ठाऊक आहे. तेव्हा घाबरून आयोडीनचे मीठ टाकू नका.

मिठागरात येणारे पाणी आधी वाळूतून गाळले, तर वजनाने ८५ टक्क्यांहून जास्त प्लॅस्टिक अडवता येते, असेही त्या शास्त्रज्ञांनी दाखवले. ते काम मीठ करणाऱ्यांचे. आपले काम त्याच्या आधीचे आहे.

आपण काय करावे?

बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आपल्या राज्यात २०१८ सालापासून बंदी आहेच.

हळदीच्या, कापसाच्या रानातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, खताची फाटकी पोती, आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद बांधावर सोडू नये. उन्हाने भुगा झाल्यावर तो कोण वेचणार? अखंड आहे तोवर गोळा करून भंगारवाल्याला द्यावा. चार पैसेही मिळतात.

प्लॅस्टिक जाळू मात्र नये. त्याचा धूर विषारी असतो आणि तो प्रथम चुलीजवळच्या बाईच्या नि लेकरांच्या छातीत जातो.

लोणारला किंवा कोठल्याही तळ्याकाठी गेलो, तर नेलेली पुडी, नेलेली बाटली परत घरी आणावी.

मोठी पिशवी लहान पोरगेही उचलील. तिचा भुगा झाला, की साऱ्या गावाने मिळून वेचला तरी सरत नाही. म्हणून जे उचलायचे, ते आजच उचलावे.