पिजिनची संथ पण पक्की वाटचाल

पिजिन हा मुक्तस्रोत संदेशक 1998 मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तेव्हाचे त्याचे नाव ‘गेम’. एओएल कंपनीच्या व्यापारचिन्हाच्या हरकतीमुळे 2007 मध्ये ते बदलले. खरी कमाई आतल्या रचनेत झाली: संदेशांची देवाणघेवाण करणारा भाग ‘लिबपर्पल’ या स्वतंत्र संग्रहात काढला गेला. त्यामुळे एकाच खिडकीतून अनेक सेवा चालतात आणि मॅकवरचा ‘एडियम’ हा संदेशकही त्याच पायावर उभा राहिला. पिजिनची मराठी आवृत्तीही झाली. तिसऱ्या मोठ्या आवृत्तीचे काम मात्र वर्षानुवर्षे चालले आहे, कारण पाया बदलायचा आणि हात स्वयंसेवकांचे. स्रोत खुला असल्याने रत्नागिरीतल्या विद्यार्थ्यालाही तो उतरवून, दोष दुरुस्त करून मूळ चमूकडे पाठवता येतो.