झाडाच्या फांदीवर मुळं!

झाडाची मुळं कुठे असतात? जमिनीत, अगदी बरोबर. कुणी वडाच्या पारंब्या आठवून म्हणेल, 'हवेतसुद्धा!' तेही बरोबर. पण पारंब्यांची सगळी ओढ खाली, मातीकडे असते. आज ज्या मुळांची गंमत सांगायची आहे, ती खाली यायचं नावच काढत नाहीत. फांदीतून फुटतात आणि फांदीवरच पसरतात. ती जगापुढे आणली नलिनी नाडकर्णी यांनी.

आडनाव ओळखीचं वाटलं ना? नलिनीताईंचे वडील भारतातून अमेरिकेत गेले. नलिनीताई जन्मल्या तिथेच, १९५४ साली. घरापाशी मेपलची झाडं होती. शाळेतून आलं की त्या एखाद्या झाडावर चढून बसायच्या. पुढे त्यांनी हेच काम निवडलं. वनस्पती आणि त्यांच्या भोवतालचं सगळं जग यांचं नातं शोधणाऱ्या शास्त्रज्ञ झाल्या त्या.

तेव्हा जंगलाचा अभ्यास बहुतेक करून जमिनीवर उभं राहूनच व्हायचा. खोडाचा घेर मोजा, गळलेली पानं गोळा करा, माती तपासा. वर, जिथे पानं ऊन पितात आणि पाखरं राहतात, तिथे फारसं कुणी जात नव्हतं. झाडावर चढणं म्हणजे काही शास्त्र नव्हे, असं मानणारी मोठी माणसंही होती. नलिनीताईंनी मात्र गिर्यारोहकांचे दोर आणि पट्टे घेतले. आधी बारीक दोरी उंच फांदीवरून पलीकडे टाकायची, तिला जाड दोर बांधून ओढून घ्यायचा, आणि मग त्या दोरावरून वर!

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक द्वीपकल्प आहे. तिथे एवढा पाऊस पडतो, की मोठ्या पानांच्या मेपलच्या फांद्या उघड्या दिसतच नाहीत. प्रत्येक फांदीने जणू जाड हिरवी गोधडी पांघरलेली असते. ती मॉसची आणि नेच्यांची. (ही बांडगुळं नव्हेत हं! बांडगूळ झाडात घुसून त्याचा रस ओढतं. मॉस आणि नेचे फक्त बसायला जागा घेतात. अशा पाहुण्यांना अपिवनस्पती म्हणतात. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर फुलणारी सीतेची वेणी त्यांच्यातलीच.) पाऊस, धुकं आणि हवेतली धूळ यांतून ही मंडळी आपलं पाणी आणि अन्नद्रव्यं मिळवतात. जुनी झाली की तिथेच कुजतात आणि त्यांची माती होते. जमिनीपासून कितीतरी मीटर उंचावर, खरीखुरी काळी माती!

नलिनीताईंनी ते आवरण बाजूला केलं, तर आत मुळांचं जाळं. कुणाची असतील? नेच्यांची? त्या एकेका मुळाचा माग काढत गेल्या, तर मूळ निघालं थेट मेपलच्या फांदीतून! पाहुण्यांनी आभाळातून जमवलेली शिदोरी झाड वरच्या वर घेत होतं. जमिनीतल्या मुळांपर्यंत थांबायची गरजच नव्हती. १९८१ साली 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात हा शोध छापून आला, तेव्हा नलिनीताई विद्यार्थिनीच होत्या. अशी मुळं उष्ण प्रदेशातल्या झाडांवरही सापडतात.

मग त्यांनी वजनं केली. एका मेपलवरच्या या पाहुण्यांचं वजन त्या झाडाच्या स्वतःच्या पानांच्या सुमारे चौपट भरलं. म्हणजे वरचं हे जग सोडून जंगलाचा हिशेब मांडला, तर तो चुकणारच. मला या शोधातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे झाडांच्या शेंड्यांचा अभ्यास ही विज्ञानाची एक शाखाच झाली. १९९४ मध्ये नलिनीताईंनी हा अभ्यास करणाऱ्यांना जोडणारी आंतरराष्ट्रीय संघटना उभी करायला हातभार लावला.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात मॉन्टेवर्देचं ढगाळ जंगल आहे. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. ढगात राहणारे हे झाडावरचे पाहुणे त्यांनी डोंगराखालच्या, कमी ढगांच्या झाडांवर नेऊन ठेवले. त्यांची पानं भराभर मरू लागली. हवामान बदलून ढग वर सरकले तर काय होईल, हे त्यातून कळलं.

आणि वॉशिंग्टन राज्यातल्या त्या मॉसचं काय? फुलांच्या सजावटीसाठी लोक ते जंगलातून ओरबाडून नेतात. एकदा खरवडलेली फांदी पुन्हा भरायला कितीतरी वर्षं लागतात. मग मॉस वाढवायचं कसं? हे शोधायला त्या गेल्या चक्क तुरुंगात. तिथल्या कैद्यांनी कुठलं मॉस कसं लवकर वाढतं याच्या नोंदी ठेवल्या. पुढे तिथल्या तुरुंगांमध्ये कैदी दुर्मीळ बेडूक आणि फुलपाखरंही वाढवू लागले.

मुलींना झाडावरचं शास्त्र कळावं म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या बार्बी बाहुल्यांना झाडावर चढायचा पोशाखही चढवला. सोबत शेंड्यावरच्या वनस्पतींची पुस्तिका!

२०१५ मध्ये त्याच ऑलिंपिक जंगलात काम करताना नलिनीताई जवळपास ५० फुटांवरून खाली पडल्या. हाडं मोडली, पण त्या वाचल्या. आता त्यांना नवा प्रश्न पडला. वादळात मोडलेलं जंगल आणि पडलेलं माणूस, दोघं पुन्हा उभी कशी राहतात? मग त्या तेच शोधू लागल्या.