ताटातले तांबडे पाणी आणि घरचा स्टेक

आपल्या समाजातल्या बहुतेक घरांत आता हे दृश्य ओळखीचे झाले आहे. नातवंडे जेवायला बोलावतात, योम हाअत्समाउतला मंगल पेटतो, सगळे आनंदाने बसतात, आणि सबा-सावतांच्या ताटात मांसाचा जाड तुकडा येतो. सुरी लावली की त्यातून तांबडे पाणी निघते. सावता ताट हळूच बाजूला सारते, "मला कोबीची कोशिंबीर पुरे" म्हणते, आणि ज्याने दोन तास खपून ते केले त्या नातवाचा चेहरा पडतो. या लेखात आम्ही त्या तांबड्या पाण्याबद्दल आणि मग स्टेक घरच्या घरी, आपल्या वयाला झेपेल असा कसा करावा याबद्दल लिहीत आहोत.

आधी पाण्याचे. रक्त खाऊ नये ही आज्ञा वायिक्राच्या १७ व्या अध्यायात स्पष्ट आहे आणि आपल्या आई-आज्यांनी ती डोळ्यांत तेल घालून पाळली. मटण अर्धा तास पाण्यात भिजवायचे, मग मीठ चोळून तिरक्या फळीवर किंवा जाळीवर तासभर ठेवायचे, मग तीन पाण्यांनी धुवायचे, हे आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी स्वतःच्या हातांनी केले आहे. त्यामुळे शिजलेल्या मांसातून तांबडे काही आले की मन घाबरते. पण प्राणी कापतानाच त्याचे बहुतेक रक्त निघून जाते, आणि उरलेले मिठाने ओढले जाते. त्यानंतर जे तांबडे पाणी दिसते ते मांसातलेच पाणी असते. त्याला रंग देणाऱ्या द्रव्याचे नाव मायोग्लोबिन. स्नायूंत प्राणवायू साठवून ठेवणे हे त्याचे काम. गाईबैलांच्या मांसात ते भरपूर असते, कोंबडीच्या छातीत फारच थोडे, म्हणून एक लाल दिसते आणि दुसरे पांढरे. नीट मीठ लावून कोशेर केलेल्या मांसातून निघणारे हे पाणी धर्मशास्त्राने रक्तात धरलेले नाही. काळजाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात रक्त इतके असते की नुसत्या मिठाने भागत नाही, ते विस्तवावर भाजावेच लागते.

हे कळूनही एखाद्याला तो रंग बघवत नसेल, तर त्यात काही वावगे नाही. आम्ही कोणाला कच्चे मांस खायला सांगत नाही. उलट आपल्या वयाला पूर्ण लाल स्टेक बराही नाही, त्याचे कारण पुढे येईल. पण नातवाने रक्त वाढले असे मात्र म्हणू नये.

आता मांस निवडण्याबद्दल, कारण अर्धा स्टेक खाटकाच्या दुकानातच होतो. मुंबईत किंवा कोकणात आपल्या घरी मटण म्हणजे बकऱ्याचे. शोहेतने कापलेले मटण घरी आले की मांडीचे आणि छातीचे एवढाच भेद पुरत असे, कारण सगळे एकाच पातेल्यात, एकाच वाटणात शिजायचे. इथे इस्राएलमध्ये बैलाच्या मांसाचे भाग नंबरांनी विकतात. नंबर बरोबर सांगितला तर काम सोपे होते आणि चुकीचा सांगितला तर चांभाराकडची वादी चघळावी लागते. नंबर १ म्हणजे आंत्रिकोट, बरगडीवरचा भाग. त्यात मांसाच्या आत चरबीच्या बारीक रेषा असतात, म्हणून तो मऊ आणि चवदार लागतो. नंबर ११ सिन्ता, पाठीचा भाग, थोडा घट्ट. नंबर १२ फिले, सगळ्यांत मऊ आणि सगळ्यांत महाग. दात कमी असतील त्यांनी सरळ फिले घ्यावा किंवा आंत्रिकोट. नंबर १३, शायतेल, स्वस्त पडतो आणि पातळ कापून चालतो. नंबर ६ ला 'फिले मेदुमे', म्हणजे खोटा फिले, म्हणतात. नावावर जाऊ नका. त्याच्या मधून एक जाड शीर जाते आणि तो सावकाश शिजवण्याचा भाग आहे. नंबर ८, पायाचा, तोही रश्शाचा. त्याचा स्टेक करू पाहणाऱ्याची आम्हांला दया येते.

सिन्ता आणि फिले हे मागच्या धडातले भाग. याकोबाने रात्रभर झुंज दिली आणि त्याच्या मांडीचा सांधा निखळला, म्हणून आपण गीद हनाशे खात नाही, हे बेरेशीतमध्ये आपण दरवर्षी ऐकतो. मागच्या धडातून ती शीर आणि मना केलेली चरबी काढण्याचे काम, निक्कुर, फार कौशल्याचे आहे. पुष्कळ देशांत ते करणारे मिळत नाहीत, म्हणून तिथले यहुदी पुढच्या धडावरच भागवतात. इथे ते काम होते, म्हणून फिले आपल्याला मिळतो. दुकानाची तेउदात काश्रुत पाहिली की या बाबतीत डोक्याला ताप नाही. आणि 'हलाक' या शब्दाचाही उलगडा करून टाकू. हलाक म्हणजे गुळगुळीत. कापलेल्या जनावराची फुप्फुसे तपासतात, त्यांवर दोष नसेल तर ते हलाक. मांस मऊ असण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि हलाक मांस वातड निघाले म्हणून खाटकाशी भांडण्यात अर्थ नाही.

खाटकाला दोन गोष्टी विचाराव्यात. एक, मांस 'मुख्शार' आहे का, म्हणजे मीठ लावून झाले आहे का. बहुतेक दुकानांत ते झालेलेच असते. दुसरी, ते ताजे आहे की गोठवलेले. दक्षिण अमेरिकेतून येणारे गोठवलेले मांस स्वस्त असते आणि वाईट नसते, पण ते ओट्यावर उघडे ठेवून वितळवू नये. एक दिवस आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवावे. तुकडा अडीच ते तीन सेंटिमीटर जाड कापून मागावा, साधारण दोन बोटे. पातळ तुकडा बाहेरून लाल होईपर्यंत आत सुकून जातो. आमच्या मते दोन म्हाताऱ्या माणसांना मिळून अडीचशे ग्रॅमचा एकच जाड तुकडा घेणे हे दोन पातळ तुकड्यांपेक्षा कधीही बरे.

भांड्याबद्दल आपल्याला नवीन काही शिकायला नको. घावन आणि भाकरीसाठी ज्यांनी बिडाचा तवा वापरला आहे त्यांना ठाऊक आहे की जड भांडे तापायला वेळ घेते पण एकदा तापले की थंड पडत नाही. स्टेकला तेच हवे. फक्त ज्या तव्यावर कधी लोणी-तूप लावून भाकरी भाजली तो घेऊ नका. मांसासाठी वेगळा, बसारी तवा ठेवा. न चिकटणारी काळ्या लेपाची तवी इतकी तापवणे चांगले नाही.

आता कृती. मांस अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा. उन्हाळ्यात त्याहून जास्त नको. कागदी रुमालाने ते दोन्ही बाजूंनी कोरडे, अगदी कोरडे पुसा. आपल्या हाताला याची सवय नाही, कारण आपल्या मटणाला पाणी सुटलेले आपल्याला हवेच असते, त्याचाच रस्सा होतो. इथे उलटे आहे. पृष्ठभागावर पाणी असेल तोवर उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते, आणि पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. मांसाला जो खमंग तपकिरी रंग आणि वास येतो तो त्याच्या बराच वर, साधारण दीडशे अंशांच्या आसपास येतो. कांदा परतताना आधी तो पाणी सोडून मऊ पडतो आणि पाणी आटल्यावरच लाल होतो, तसेच हे आहे.

तेल तव्यात न ओतता मांसाला चोळा, धूर कमी होतो. खिडकी उघडा, धूर होणारच. तवा इतका तापवा की पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून जावा. मग मांस ठेवा आणि मिनिटभर हात लावू नका. चर्र असा आवाज सतत आला पाहिजे. आवाज बसला तर तवा थंड आहे असे समजा. लालसर पापुद्रा आला की उलटा, आणि त्यानंतर दर मिनिटाला उलटत राहिलात तरी चालते. एकदाच उलटावे असे पुष्कळ जण सांगतात, पण वरचेवर उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या शिजतात. सुरीने टोचून पाहू नका, उलथन्याने दाबू तर मुळीच नका. कडेला चरबीची पट्टी असेल तर चिमट्याने तुकडा उभा धरून तीही अर्धा मिनिट भाजा.

बाहेरच्या पाककृतींत शेवटी तव्यात लोण्याचा गोळा टाकायला सांगतात. ते आपल्या घरात होत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. आंत्रिकोटची स्वतःची चरबी पुरते. दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या थोड्या ऑलिव्ह तेलात शेवटच्या मिनिटाला टाकल्या तर वास घरभर जातो.

किती वेळ? आता वर सांगितलेले कारण. अख्ख्या तुकड्यात जंतू असलेच तर ते बाहेरच्या बाजूला असतात, आणि बाहेरची बाजू कडक तापते, म्हणून तरुण निरोगी माणूस मधून लाल स्टेक सहसा पचवतो. उतारवयात शरीराची लढण्याची ताकद कमी होते. म्हणून मधोमध ६३ अंश उष्णता पोहोचू द्यावी आणि मग निदान तीन मिनिटे मांस तसेच राहू द्यावे. मांसात खुपसायचा छोटा थर्मामीटर घ्यावा, तो महाग नसतो. डोळ्यांवर विसंबू नये, कारण रंग फसवतो. ६३ अंशांना मांस मधून फिकट गुलाबी असते, ओले असते, आणि तांबडे पाणी अगदी थोडे येते. अडीच सेंटिमीटरच्या तुकड्याला एकूण आठ-दहा मिनिटे लागतात, तव्याप्रमाणे कमीजास्त. ७० अंशांच्या पुढे गेलात की रस निघून जातो आणि दातांची परीक्षा सुरू होते. खिम्याचे मात्र तसे नाही. कबाब, हॅम्बर्गर यांत बाहेरचा भाग आत मिसळलेला असतो, ते ७१ अंशांपर्यंत पूर्ण शिजलेच पाहिजेत. मंगलवर मधून लाल राहिलेला कबाब नातवाला परत ठेवायला सांगा, संकोच करू नका.

मिठाबद्दल जपून. कोशेर केलेल्या मांसात थोडे मीठ राहतेच. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वरून घालण्याआधी एक घास चाखून पाहा. मिरपूड आधी घातली तर तव्यावर करपून कडू होते, म्हणून ती शेवटी.

विस्तवावरून उतरवल्यावर मांस ताटलीत पाच मिनिटे असेच ठेवावे. गरम असतानाच कापले तर सगळा रस ताटलीत जातो. आपल्या पिढीसाठी सर्वांत महत्त्वाचे आता येते, ते म्हणजे कापणे. अख्खा तुकडा ताटात वाढू नका. मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहा आणि त्यांना आडवी सुरी लावून पेन्सिलीहून बारीक काप करा. धाग्यांच्या दिशेने कापले तर लांब दोरा तोंडात येतो. आडवे कापले तर धागे आखूड होतात आणि चावणे निम्मे सोपे होते. कवळी असणाऱ्यांना तोंडातल्या घासाचा आकार नीट कळत नाही, आणि घशात मांसाचा तुकडा अडकणे ही थट्टेची गोष्ट नाही. काप नखाएवढे करावेत, घास तोंडात असताना बोलू नये.

बरोबर काय वाढावे? बटाटे हवेत तर असोत. आम्हांला विचाराल तर कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, थोडे आले आणि लिंबू यांची घट्ट हिरवी चटणी, दही न घालता. आपल्या हिरव्या वाटणाचीच ती बहीण आहे. चरबीच्या घासाला आंबट-तिखट लागतेच. सोबत तांदळाची भाकरी ठेवली तर नातवंडेही पिता विसरतात, हे आम्ही पाहिले आहे.

शब्बाथला हा पदार्थ नको. प्लाटावर ठेवलेला स्टेक चामड्यासारखा होतो. तो करून लगेच खायचा. उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थंडच, पातळ कापून, कांदा-लिंबाबरोबर खा.

एकच अडचण उरते, जेवणानंतरच्या चहाची. मांसानंतर सहा तास थांबण्याची रीत ज्यांच्या घरी आहे त्यांना दुधाचा चहा रात्री उशिराच मिळणार. गवती चहा आणि आले घालून कोरा चहा टाका. इथे तो कुंडीतही उत्तम येतो, आणि शेजाऱ्यांना हिब्रूत विचारायचे असेल तर 'लिमोनित' म्हणा.