विश्लेषण : किराणा बाजारात आधी येणाऱ्याचाच लाभ होतो का?

किराणा व्यवसायात सर्वप्रथम येणाऱ्याला कायमचा लाभ मिळतो, असा सार्वत्रिक समज आहे. गेल्या पाव शतकातील भारतीय साखळी दुकानांचा अनुभव मात्र निराळे सांगतो.

पहिल्याला काय मिळते?

नव्या प्रकारच्या दुकानात काय पाहावे, हे ग्राहकाला आधी ठाऊक नसते. पहिला विक्रेता ते शिकवतो आणि पुढच्यांचे मोजमाप त्याच्याच मापाने होते, असे कारपेंटर व नाकामोटो या अभ्यासकांनी १९८९ मध्ये मांडले. २००१ मध्ये कोलकाता, हैदराबाद व बंगळूर येथे अवतरलेल्या ‘बिग बझार’ने मोठे दुकान म्हणजे महागडे दुकान, ही समजूत मोडली. २६ जानेवारी २००६ रोजीच्या ‘सबसे सस्ता दिन’ला गर्दी आवरेनाशी झाली.

मग नंतरचे कसे टिकले?

‘डी-मार्ट’ २००२ मध्ये पवईत सुरू झाले. सवलतीच्या विशेष दिवसांऐवजी रोजच कमी भाव, हे त्याचे धोरण. विस्तार संथ, बहुतांश जागा स्वतःच्या. याउलट १९९७ मध्ये चेन्नईत आरंभ झालेली ‘सुभिक्षा’ सुमारे सोळाशे शाखांपर्यंत पोहोचूनही २००९ मध्ये आर्थिक चणचणीत बंद पडली. कर्जबाजारी ‘बिग बझार’ची अनेक दुकाने २०२२ मध्ये रिलायन्सकडे गेली. मांडण्या रिकाम्या दिसू लागल्या की आधी येण्याची पुण्याई पुरत नाही.

वेळ प्रतिमाही बदलते

‘रिलायन्स फ्रेश’ २००६ मध्ये हैदराबादेत आले, तेव्हा मोठ्या भांडवलाचा प्रश्न तापला होता. भाजीविक्रेत्यांनी त्याकडे पोटावरचा घाला म्हणून पाहिले. २००७ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने त्याची दुकाने बंद करण्याचा आदेश दिला. २०२१ पासून ‘झेप्टो’ आणि नाव बदललेल्या ‘ब्लिंकिट’ने भावाइतकेच मिनिटांना महत्त्व आणले.

गल्लीतल्या दुकानाचे काय?

या सर्वांच्या आधीचा वाणी. ओळख, उधारी, हवे तेवढेच सुटे सामान आणि घरपोच माल, ही मापे त्यानेच घालून दिली. भाव वा मिनिटे यांच्या स्पर्धेत तो मागे पडू शकतो. महिनाअखेरीस वहीवर उधार लिहून घेणारे दुकान ही त्याची प्रतिमा मात्र अजून बव्हंशी त्याच्याकडेच आहे. ती सोडून केवळ भावात झुंजणाऱ्या दुकानदाराला आधी आल्याचा लाभ उरणार नाही.