अनुवादातला राजद्रोह

राजद्रोहाचे कलम 124-अ भारतीय दंड संहितेत 1870 साली आले. 1898 च्या दुरुस्तीने ते इतके ऐसपैस झाले की सरकारविषयी द्वेष, तुच्छता वा अप्रीती निर्माण करणारा जवळपास कोणताही मजकूर त्यात अडकवता येऊ लागला. या कलमाची मराठी माणसाला असलेली आठवण टिळकांच्या खटल्यांभोवती फिरते. 1908 मध्ये, टिळकांच्याच विचारांसाठी तुरुंगात गेलेले रायपूरचे माधवराव सप्रे मात्र महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नाहीत. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी लेखणी हिंदीत चालवली, म्हणून ते दोन्हीकडच्या सीमेवर राहून गेले. हा अन्याय आहे.

नागपूरच्या भोसल्यांच्या राजवटीपासून रायपुरात मराठी वस्ती रुजली होती. तात्यापारा, ब्राह्मणपारा हे जुन्या शहराचे भाग. ब्राह्मणपाऱ्यात कंकाली तलावाच्या परिसरातले आनंद समाज वाचनालय पुढे राष्ट्रीय चळवळीचे ठिकाण बनले. वर्तमानपत्र विकत घेणे ज्यांना परवडत नसे त्यांच्यापर्यंत छापील विचार पोहोचत ते अशाच वाचनालयांतून. सरकारला खरा धाक या वाचकांचा होता.

सप्रे यांचा जन्म 1871 चा, दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. सरकारी नोकरी नाकारून ते पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षक झाले आणि तिथून त्यांनी रामराव चिंचोलकर यांच्यासह जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. मासिक जेमतेम तीन वर्षे चालले. 1901 मध्ये त्यात आलेली सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदीतल्या अगदी आरंभीच्या कथांपैकी एक मानली जाते. गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ही गोष्ट. सत्ता हा विषय तिथेच आला होता, फक्त कथेच्या रूपात.

एप्रिल 1907 मध्ये नागपुरातून सप्रे यांचा ‘हिंदी केसरी’ सुरू झाला. टिळकांचे लेख हिंदी वाचकांपुढे ठेवणे हे त्याचे मुख्य काम. 1908 मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर सरकार बिथरले. जूनमध्ये चिथावणीखोर ठरवलेल्या पत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात टिळकांना अटक झाली. जुलैत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर ऑगस्टमध्ये सप्रे पकडले गेले. मूळ मराठी लेखाइतकाच त्याचा हिंदी अवतारही गुन्हा ठरत होता. पुण्यातला विचार नागपूर-रायपूरमार्गे उत्तरेत उतरतो, हे सरकारने नेमके ओळखले होते. ‘स्वदेशी आंदोलन और बायकाट’ या त्यांच्या पुस्तकावरही बंदी आली.

काही महिन्यांनी, थोरल्या भावाच्या हट्टापुढे नमून, सप्रे यांनी माफीनामा दिला आणि ते सुटले. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना आपण बाहेर आहोत, हे त्यांना आयुष्यभर डाचत राहिले. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, रामदासी साधनेकडे वळले, माधुकरी मागून राहिले. बंदीचा परिणाम मोजताना जप्त अंक आणि तुरुंगातले दिवस धरले जातात. घरच्या माणसांमार्फत लेखकाच्या मनावर येणारा दाब त्यात धरला जात नाही. सप्रे यांच्या बाबतीत तोच सर्वांत जड होता.

लेखणी मात्र थांबली नाही. रामदासांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा हिंदी अनुवादही सप्रे यांचाच. संपादकीयाला बंद झालेली वाट तत्त्वग्रंथाला मोकळी होती. कर्मयोगाचे प्रतिपादन राजद्रोहाच्या कलमात बसवणे सरकारला सोपे नव्हते, आणि वाचकाला त्यातून घ्यायचे ते घेता येत होते.

1920 मध्ये त्यांच्याच प्रेरणेने जबलपुरात ‘कर्मवीर’ निघाला. संपादक माखनलाल चतुर्वेदी. पुढच्याच वर्षी बिलासपूरच्या भाषणाबद्दल चतुर्वेदींना राजद्रोहाखाली तुरुंगवास झाला. सप्रे 1924 मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरात वारले.